तेवीस नावं, एक नंबर

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की माझ्या पाकिटावर धूळ बसली.

आमच्या इथे रिपोर्टच्या पाकिटावर धूळ बसत नाही. बसायच्या आत कुणीतरी येतं. नवरा येतो, भाऊ येतो, कधी बाई स्वतःच येते, कारखान्याचा निळा कोट तसाच अंगावर ठेवून. पाकीट घेऊन बाहेरच्या बाकावर बसतात आणि बराच वेळ उघडत नाहीत. माझं पाकीट मात्र 'न्यायचे' लिहिलेल्या ट्रेमध्ये अकरा दिवस पडून होतं. बाराव्या दिवशी दिनानाथ कारकुनांनी ते उचललं, नावसुद्धा वाचलं नाही, आणि खालच्या खणात टाकलं. त्या खणावर 'बंद' असं लिहिलंय. मी पाकिटाला चिकटवलेल्या डबीत होते, म्हणून मीही गेले. खण त्यांनी आदळून लावला. मी काचेची आहे हो. असं आदळलं की माझा थरकाप होतो. पण इथे सांगायचं कुणाला?

मी स्लाइड बोलतेय. बोटभर लांबीची, दीड बोट रुंदीची काच. एका टोकाला खरवडल्यासारखा पांढरा पट्टा आहे, त्यावर पेन्सिलीने माझा नंबर लिहिलाय. पेनाची शाई आमच्याकडच्या औषधांत धुऊन जाते, पेन्सिल टिकते. बोईसरमधल्या सागरतट कामगार आरोग्य विमा न्यासाच्या दवाखान्यात, लॅबच्या ट्रेमध्ये, खणात आणि टेबलावर मिळून, मी ऐंशीहून जास्त दिवस काढलेत. माझी कीव करू नका. माझ्या अंगावर जिचा तुकडा आहे तिची करा, आणि तीही जमणार नसेल तर पुढे वाचू नका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. पन्नास जणींच्या डब्यात, मधे पातळ कागद घालून, कुरिअरच्या गाडीतून आले. रस्त्यात चौघी फुटल्या. मी फुटले नाही, म्हणजे मी काही धीट नव्हते. कडेला होते, एवढंच.

डब्यातून मला बाहेर काढलं त्याच्या आदल्या आठवड्यात साखरबाई आली होती. कुंभवलीत भाड्याच्या खोलीत राहणारी, वसाहतीतल्या एका कारखान्यात पावडरच्या पिशव्या भरणारी. नवरा नागोराव, दोघं मराठवाड्याकडचे. डाव्या छातीत गाठ. सुई घालून तिच्या गाठीचा तुकडा काढत होते तेव्हा तिचा आवाज पार आमच्या डब्यापर्यंत आला.

"दुखंल का ओ?"

"मुंगी चावल्यासारखं," सिस्टर म्हणाली.

"मुंगी कुठली ओ ही, इंचू हाय इंचू! तुमाला टोचून बघू का?"

सगळे हसले. मग काउंटरवर दिनानाथांनी सांगितलं, "रिपोर्ट आला की फोन करू. सारखं विचारायला यायचं नाही." ती बरं म्हणाली आणि शिफ्टला गेली.

तिचा तो तुकडा मेणात बसवला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापला आणि माझ्या अंगावर अंथरला. मग मला रंगांत बुडवलं, एकदा जांभळ्या, एकदा गुलाबी. वर आणखी एक पातळ काच चिकटवली. मंगळवारी पालघरहून डॉक्टर आले, त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. त्या उजेडाने मी दचकलेच. डॉक्टरांनी मला पुढेमागे सरकवून पाहिलं. मग म्हणाले, "कॅन्सर आहे. पण लहान आहे, वेळेत सापडलंय. हिला लवकर मुंबईला पाठवा. लवकर, समजलं ना?"

समजलं सगळ्यांना. काउंटरवरून तीन फोन झाले, तीनही वाजून वाजून थांबले. मग पाकिटावर धूळ बसली, आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच.

'बंद'च्या खणात मी एकटी नव्हते. जुन्या स्लाइडी होत्या, पिवळ्या पडलेल्या. कुणाचं तोंड, कुणाचं गर्भाशय, कुणाचं फुप्फुस. आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. काय बोलणार? सगळ्यांना एकच विचारायचं होतं, माझं माणूस आहे की गेलं?

खण उघडला तो वर्षाराणीने. तेवीस वर्षांची, लॅबचा डिप्लोमा केलेली, अकरा महिन्यांच्या करारावर लागलेली. दार वाजलं तरी हिचा हात छातीवर जातो. मला वाटलं, झालं, आता ही मला पाडणार. पण तिने मला दोन बोटांत कडेने धरलं, जसं धरायला हवं तसं.

न्यासाला वीस वर्षं होत होती. त्याचा जाडजूड अहवाल निघणार होता, आणि त्यात एक पान कॅन्सरचं. वीस वर्षांत किती विमाधारकांना झाला, त्यातले पाच वर्षांनी किती हयात. तो तक्ता करायचं काम वर्षाराणीच्या गळ्यात पडलं. मला तिने टेबलावर संगणकाशेजारी ठेवलं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

पहिली रेघ वर चढत होती. सुरुवातीच्या आठ वर्षांच्या स्लाइडी एका कपाटात मावल्या, आता एका वर्षाच्याही मावत नाहीत. वर्षाराणी स्वतःशीच पुटपुटायची, "विमाधारकही तिप्पट झालेत. तपासण्याही वाढल्यात. मग खरी वाढ किती?" हे ती प्रामाणिकपणे विचारत होती.

दुसरी रेघ जगण्याची. तीही चढत होती, आणि कशी! आधीच्या वर्षांत शंभरातले पन्नास-पंचावन्न पाच वर्षं जगत. मग एका वर्षापासून रेघ उडी मारून उठली, आणि आता एक्क्याऐंशी.

"छान आहे की," दिनानाथ मागून म्हणाले. वर्षाराणी दचकली, मीही. "पहिल्या पानावर घ्यायला सांगितलंय साहेबांनी."

"काका, त्या वर्षी असं काय झालं? नवीन औषध आलं का?"

"प्रगती झाली. लिही."

तिने लिहिलं नाही. त्या वर्षाची जुनी रजिस्टरं काढली. 'शेवटची खबर' या रकान्यात आधीच्या वर्षांत निळ्या शाईत, तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं. 'घरी जाऊन आलो. १२ तारखेला वारली.' 'सायकलने मुरब्याला गेलो. बरा आहे, होडीवर जातो.' 'घर रिकामं. शेजारी म्हणाले, पावसाआधीच गेला.' पानामागून पान. लिहिणारा माणूस सायकलवरून दारोदार फिरला होता आणि विचारून आला होता. मग ते वर्ष आलं, घरी जाणं बंद झालं, फोन सुरू झाले. त्यानंतरच्या रकान्यात एकच शब्द. बंद. बंद. बंद.

तीन फोन लागले नाहीत की बंद. आणि बेरीज करताना, ज्याच्या मरणाचा दाखला नाही तो हयात.

म्हणजे सायकल जिथे थांबली, तिथूनच माणसं जास्त जगायला लागली.

तुम्ही असे अहवाल वाचता ना? चकचकीत कागदाचे, चढत्या रेघांचे? वाचा, खुशाल वाचा. आमच्या न्यासाचे विमाधारक मरत नाहीत हो. मरायच्या आधी त्यांचा विमा संपतो. आजारी पडला की काम सुटतं, काम सुटलं की नाव सुटतं, आणि सुटलेल्या नावाचं मरण आमच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. मला हे कळलं तेव्हा वाटलं, स्वतःच टेबलावरून घरंगळावं आणि फुटावं.

"काका, हे अक्षर तुमचं ना?" वर्षाराणीने रजिस्टर पुढे केलं.

दिनानाथांनी चष्मा वर केला, पाहिलं, खाली केला. "तेव्हा तरुण होतो. आणि मूर्ख. सायकलचं पंक्चरसुद्धा पदरचं काढायचो."

"मग 'बंद' वेगळं दाखवायला हवं. त्यांचं काय झालं ते आपल्याला माहीत नाही, असं लिहायला हवं."

"माहीत नाही असं कुठल्या अहवालात लिहितात गं?"

"पण ते हयात नसतील तर?"

"मेल्याचा दाखला आहे? नाही. मग हयात. तुला तक्ता करायला सांगितलाय, शोध लावायला नाही. तुझे अकरा महिने कधी संपतात?"

तिने रजिस्टर मिटलं. तिचे कान लाल झाले. मला वाटलं, संपलं. मला या पोरीचा राग आला, खरंच आला. भित्री मेली, माझ्यासारखीच.

पण मुकाट्याने, मान खाली घालून, तिने 'बंद' झालेल्यांचे फोन नंबर संगणकावर एकाखाली एक लावले. पुन्हा एकदा फोन करून बघावेत, एवढाच तिचा विचार होता. नंबर क्रमाने लागले आणि तिचा हात थांबला. एकच नंबर, एकाखाली एक, तेवीस वेळा. तेवीस वेगळी नावं, बायकाच जास्त, नऊ वर्षांतल्या. सगळ्यात शेवटचं नाव साखरबाईचं.

तो गुरुवार होता. तिने साखरबाईचा कागद काढला, तारीख मोजली आणि पुन्हा मोजली. न्यासाचा नियम असा, की पगारातून विम्याची कपात थांबली तरी नव्वद दिवस विमा जिवंत. त्या नव्वद दिवसांत उपचाराच्या कागदावर विमाधारकाची सही झाली, तर पुढचा सगळा उपचार, ऑपरेशन, औषधं, सगळं न्यास करणार. एक्क्याण्णवाव्या दिवशी काही नाही. साखरबाईचं त्या कारखान्यातलं काम तपासणीनंतर थोड्याच दिवसांत सुटलं होतं. नव्वदावा दिवस शुक्रवार. उद्या.

तिने तो नंबर फिरवला. आणि फोन वाजला, पण इथेच. खिडकीबाहेर, रांगेत.

काळा गॉगल केसांवर चढवलेला एक माणूस खिशातून फोन काढत होता. स्क्रीन बघून त्याने फोन कापला. वर्षाराणीने पुन्हा लावला. पुन्हा बाहेर वाजला, पुन्हा त्याने कापला. तिसऱ्यांदा ती उठून खिडकीपाशीच गेली.

"हा नंबर तुमचा आहे?"

"हां, बोला ना मॅडम." तो मेहुल, ठेकेदाराचा सुपरवायझर. सहा नव्या बायकांना मेडिकलसाठी घेऊन आला होता.

"हा साखरबाईचा नंबर म्हणून दिलाय."

"कोण साखरबाई? माझ्याकडे साठ बाया असतात."

"तेवीस पेशंटचा नंबर तुमचा आहे!" तिचा आवाज चिरकला.

"अहो, ओटीपी येतो ना फॉर्म भरताना. या बाया महिन्याला सिम बदलतात. कोणाकोणाच्या मागे फिरू? माझा टाकला की पाच मिनिटांत काम खल्लास. सगळेच ठेकेदार करतात, मॅडम."

"दवाखान्यातून फोन येतात ते?"

"दवाखान्याचा नंबर मी उचलतच नाय. उचलला की मेडिकलची तारीख बदला, हे आणा, ते आणा. कोण भानगडीत पडणार?"

"तिला कॅन्सर आहे."

रांगेतल्या सहाही बायकांनी त्याच्याकडे पाहिलं. मेहुलने गॉगल डोळ्यांवर ओढला. "ती काम सोडून गेली. गावाला गेली असेल. मला काय विचारता? नागोरावला विचारा."

"नागोरावचा नंबर?"

"नाय माझ्याकडे."

तेव्हा फरशी पुसणारी ठकी मावशी फडकं बादलीत आपटून उठली. "तुज्याकडं काय हाय रं? साठ बायांची हजेरी हाय, एकीचं घर नाय ठाव? तुजी म्हस हरवली असती तर तारापूरपत्तर धावला असतास."

"मावशी, तू फरशी पूस."

"पुसतंय ना. तू उभा हाय तितलीच घाण ऱ्हायलीय." मग वर्षाराणीकडे वळून, "ती मराठवाड्याची? मोठ्यानं बोलनारी? कुंबवलीच्या नळावं भांडते रोज. गावाला नाय गो गेली. खोली कंची ते नाय ठाव. मी सकाळी बगते."

ती कुठेच गेली नव्हती. मुंबईत नाही, गावाला नाही, स्वर्गात नाही. काम मिळालं म्हणून दुसऱ्या ठेकेदाराकडे गेली होती, विम्याची कपातच न करणाऱ्या. आमच्या तक्त्यात मात्र ती बंद होती, म्हणजे हयात होती, म्हणजे रेघेला तिचा चांगलाच उपयोग होता.

शुक्रवारी सकाळी ठकी मावशी आली ती तळहात पुढे करूनच. तळहातावर पेनने नंबर. "खोली सापडली. कुलूप. सातच्या शिफ्टला गेली. शेजारनीनं नंबर दिला. कंपनीचं नाव तिला नाय ठाव, नवीनच हाय. नागोराव टँकरवं गुजरातेत गेला हाय."

वर्षाराणीने तळहातावरूनच नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

"आत फोन नेऊ देत नाहीत," दिनानाथ पेपरमागून म्हणाले. "रसायनाच्या कारखान्यात फोन गेटवर ठेवतात, लाकडी खणात. शिफ्ट सुटेपर्यंत वाजवत बस."

हे त्यांनी मदत म्हणून सांगितलं की टोमणा म्हणून, मला कळलं नाही. माझ्या मनातला त्यांचा राग काही कमी झाला नाही.

ती वाजवत बसली. मधे रक्ताचे नमुने घेतले, मधे डबा उघडून तसाच बंद केला. साडेतीनला शिफ्ट सुटायची. पावणेचारला लावला, वाजून थांबला. चारला लावला. चार वाजून दहा. ओव्हरटाइम असेल, ठकी मावशी म्हणाली, आणि झाडू हातात धरून दारातच उभी राहिली, घरी गेली नाही.

"साडेपाचला मी रजिस्टर बंद करणार," दिनानाथ म्हणाले. "साडेपाच म्हणजे साडेपाच."

"काका, अर्धा तास थांबलात तर?"

"आणि उद्या साहेबांनी विचारलं, तर उत्तर तू देशील? तुझी तर सहीही चालत नाही इथे." ते किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून बसले. पण उपचाराचा कोरा कागद कपाटातून काढून त्यांनी समोर ठेवला होता, हे मी पाहिलं. त्यावर वरच्या ओळीत साखरबाईचं नावही लिहिलेलं होतं. तिरप्या अक्षरात.

आता माझं ऐका. वर्षाराणीने मला कापसात गुंडाळलंय, नव्या डबीत घातलंय, शेजारी तिच्या उरलेल्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा ठेवलाय. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आम्हा दोघांना पाहिल्याशिवाय पुढचं काही करत नाहीत. मी तयार आहे. प्रवासाची मला भीती वाटते, फुटण्याची तर वाटतेच. पण त्या खणात परत जायची जास्त वाटते. तिथे एका माणसाचा एवढा मोठा प्रश्न कापसाएवढ्या धुळीखाली ठेवतात आणि वर रेघ काढतात.

तुम्ही कुठे ना कुठे फॉर्म भरताच. भराल तेव्हा नंबराच्या रकान्यात कुणाचा नंबर टाकताय ते बघा. तुमच्याकडे कामाला असणाऱ्या बाईचा फॉर्म भरत असाल तर दोनदा बघा. मी तुम्हाला विनंती करत नाहीये. विनंत्या करून झाल्यात. मी रागावून सांगतेय. काचेला धार असते, विसरू नका.

चार वाजून बत्तीस मिनिटं. बाविसावा फोन. वर्षाराणीने तो कानाला लावला नाही, टेबलावरच ठेवला, स्पीकर चालू करून, अगदी माझ्या डबीला खेटून. वाजला. वाजला. ठकी मावशीने झाडू भिंतीला टेकवला. वाजला. दिनानाथांनी किल्ल्यांवर हात ठेवला, आवाज होऊ नये म्हणून.

खट्.

मशिनांची घरघर, कुणाची तरी हाक, रिक्षाचा हॉर्न. आणि या सगळ्यावर चढलेला, दमलेला, संतापलेला, जिवंत आवाज.

"कोन बोलायलंय? एकवीस मिस कॉल! काळजाचं पानी झालं माज्या. घोळून सांगू नका, सरळ सांगा, आमच्यातलं कोन मेलं?"